पोर्ट रॉयलची सातवी खुंटी

हे मी आजवर बाहेरच्या तिघांना सांगितलंय. तिघांनीही ‘ऊन लागलं असेल’ म्हणून विषय संपवला.

म्हणून आधीच सांगते. एकोणीस वर्षं मी किंग्स्टनच्या उन्हात जमिनी मोजतेय. ऊन मला नवं नाही. मी दारू पीत नाही, आणि त्या दिवशी पोटभर खाऊन निघाले होते.

शिवाय रात्र नव्हती. जूनमधला बुधवार. पोर्ट रॉयल, किंग्स्टनजवळचं समुद्रकाठचं गाव. सकाळी साडेदहा ते बाराच्या मधली वेळ.

माझं नाव व्हेरोना टुलॉक. सगळे मिस व्ही म्हणतात.

आमच्या मोजणी ऑफिसकडे छोटंसं काम आलं होतं. समुद्राच्या बाजूला भिंत बांधायची होती. त्या ओळीत आठ खुंट्या ठोकलेल्या. प्रत्येक खुंटीपाशी जमीन किती उंच आहे, एवढंच काढायचं. तासाभराचं काम.

सातवी खुंटी मिस आयसिल्डाच्या परसात होती. मिस आयसिल्डा गेल, वय बहात्तर, मासे तळून विकणारी. जमीन ठीक निघाली तर तिचं घर राहणार. खचलेली निघाली तर तिने ते सोडून किंग्स्टनला जायचं.

“किंग्स्टनला जाऊन काय करू?” मला बघताच ती म्हणाली. “तिथे दाराशी समुद्र नाही, ओळखीचं कुणी नाही. पोरी, नीट मोज. मला घालवायचं म्हणून मोजू नकोस.”

“मी आकडे लिहिते, मिस आयसिल्डा. कुणाला घालवत नाही.”

“सगळे असंच म्हणतात,” ती म्हणाली आणि तळणीकडे वळली.

माझ्यासोबत मास युस्टेस होते; वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्याकडे ‘मास’ म्हणतात. अठ्ठावन्न वर्षांचे, ताडमाड, डोक्यावर कायम गवताची टोपी. त्यांचं काम खुंटीवर आकड्यांची उंच पट्टी उभी धरायचं. माझं काम साठ पावलांवरून दुर्बिणीत बघून आकडा वाचायचं. जमीन जितकी खाली, तितका आकडा मोठा. आठही खुंट्या झाल्या की दुर्बीण न हलवता पुन्हा एकदा सगळे आकडे घ्यायचे. दोन्ही फेऱ्या जुळल्या की घरी जायचं.

दुर्बीण ऑफिसची, जुनी. तिच्यात सगळं उलटं दिसतं. पाय वर, डोकं खाली. सवयीने त्याचं काही वाटत नाही.

सकाळपासून एक काम धड होत नव्हतं. पर्यटकांची बस आली आणि माणसं दुर्बिणीसमोरून येरझाऱ्या घालायला लागली. त्यांचा गाईड चाच्याच्या वेषात, डोळ्यावर पट्टी, हातात लाकडी तलवार. शंख फुंकायचा आणि ओरडायचा, “इथेच चाच्यांचं गाव होतं मंडळी, तीनशे वर्षांपूर्वी भूकंपात एका सकाळी निम्मंअधिक समुद्राने गिळलं.”

दर दहा मिनिटांनी तेच.

“मास युस्टेस, त्याला जरा लांब जायला सांगा.”

“सांगितलं. तो म्हणतो, गाव त्याच्या आजोबांचं आहे.”

त्यात पिनॉक साहेबांचा फोन. साहेब म्हणजे आमचे वरिष्ठ. “व्हेरोना, चार वाजता कागद टेबलावर पाहिजे.”

पहिली फेरी झाली. सातव्या खुंटीचा आकडा १.३०, म्हणजे जमीन ठीक.

दुसरी फेरी. बाकीच्या सातही खुंट्या तंतोतंत जुळल्या. सातवी... १.५८.

मी वैतागले. अठ्ठावीस सेंटिमीटरचा फरक. एवढी चूक नवशिकाही करत नाही.

“खुंटीवर नीट धरा ना हो. आणि वाकू नका.”

“मी वाकलेलो नाही, मिस व्ही.”

ते मला खटकलं. कारण पहिल्या फेरीत दुर्बिणीत त्यांची छाती दिसली होती. दुसऱ्या फेरीत... चेहरा दिसला.

तरी मी दोष दुर्बिणीलाच दिला. तिपाई घट्ट केली. दुर्बिणीची पातळी दाखवणारा बुडबुडा बघितला, बरोबर मधोमध. पहिली खुंटी परत वाचली, जशीच्या तशी. चिडून मी सातव्या खुंटीपर्यंत चालत गेले, बुटाने जमीन ठोकली. कोरडं गवत, खेकड्यांची बिळं. जमीन दगडासारखी.

“एक सांगू?” मास युस्टेस हळूच म्हणाले. “पट्टी जड झालीय.”

“अॅल्युमिनियमची पट्टी जड कशी होईल?”

“मला काय माहीत. खालून कुणीतरी ओढल्यासारखी वाटते.”

“डपी असेल,” मी म्हणाले. आमच्याकडे भुताला डपी म्हणतात. मी टोमणा मारला होता. ते हसले नाहीत.

“तेहतीस वर्षं पट्टी धरतोय, मिस व्ही. तुम्ही शाळेत होता तेव्हापासून. माझी चेष्टा करू नका.”

मला वाईट वाटलं, तरी वहीकडे वळले. घड्याळात साडेअकरा. चार वाजता साहेबांना काय दाखवू, एवढंच डोक्यात होतं.

तिसरी फेरी. पुन्हा सगळं जुळलं. सातवी... २.०५.

दुर्बिणीत छाती नव्हती. चेहरा नव्हता. नुसती टोपी.

मी डोळा काढला. साठ पावलांवर मास युस्टेस आपल्या दोन पायांवर ताठ उभे. कपाळाचा घाम पुसत होते.

पुन्हा डोळा लावला.

नुसती टोपी.

मला भीती वाटली नाही. खरं सांगते, राग आला. रडू येईल इतका. मी बाटलीभर पाणी प्यायले, भिंग पुसलं, वहीचं नवीन पान उघडलं. म्हटलं, शेवटचं. यावेळी चुकलं तर दुर्बीण समुद्रात फेकते.

“मास युस्टेस, फक्त सातवी घेऊ. एकदाच.”

त्यांनी हात वर केला.

मी वाकले. आणि तेव्हा लक्षात आलं...

शंख वाजत नव्हता.

पर्यटकांची बडबड नव्हती. पाणकोळ्यांचा ओरडा नव्हता. मिस आयसिल्डाच्या तळणीचा चर्र आवाज सकाळपासून कानात होता. तोही नव्हता.

वारासुद्धा नाही.

दुर्बिणीत पट्टी दिसली. आकडा ३.१२. हाताने आपोआप तो वहीत लिहिला.

टोपी नव्हती. मास युस्टेस कुठेच नव्हते.

पण पट्टीवर... एक हात होता.

बाईचा हात. बाही कोपरापर्यंत दुमडलेली. बोटांना पीठ लागलेलं, भाकरी करता करता उठून आल्यासारखं. नजर सरकवली तर डोक्याला फडकं बांधलेलं. चेहरा साधा. चाच्यांच्या गोष्टीतला नाही. बाजारात रोज भेटणाऱ्या बाईचा. ती माझ्याकडे बघत नव्हती. पट्टी धरून होती, बुडणारा माणूस दोर धरतो तशी.

मला ती नीट दिसत होती. फारच नीट.

आणि मग कळलं का ते...

ती सुलट दिसत होती.

ज्या दुर्बिणीत सगळं जग उलटं दिसतं, तिच्यात ती डोकं वर, पाय खाली अशी उभी होती.

म्हणजे तिथे, सातव्या खुंटीपाशी, ती खरी कशी होती... याचा मी आजही पुढे विचार करत नाही.

मी डोळा काढला. मास युस्टेस एकटे उभे. दोन्ही हातांनी पट्टी वर ओढत होते. मानेच्या शिरा ताणलेल्या.

“सोडा,” मी ओरडले. “पट्टी सोडून द्या.”

त्यांनी सोडली. मागे सरकले.

पट्टी पडली नाही.

उभीच राहिली... मी मनात चार मोजले. मग ती सावकाश कलली आणि गवतावर आडवी झाली.

शंख वाजला. गाईड ओरडला. तळण चर्रर्र करायला लागलं.

मी धावत गेले. मास युस्टेस जमिनीवर बसले होते, तळहात सोललेले. पट्टी ओली होती. आसपास पाण्याचा थेंब नव्हता, गवत कोरडं ठणठणीत, आणि पट्टी खालून पुरुषभर उंचीपर्यंत ओली. बोट लावून चाखलं. खारं.

कुठपर्यंत ओली, ते मी वाचलं. सवयच आहे. एक मीटर ब्याऐंशी.

वहीतल्या ३.१२ मधून १.३० वजा केले, म्हणजे पट्टी जमिनीत किती खाली गेली होती ते.

एक मीटर ब्याऐंशी.

मी मिस आयसिल्डाच्या दारात गेले. सगळं सांगितलं. म्हटलं, “काही दिवस तरी किंग्स्टनला चला.”

तिने झारा खाली ठेवला.

“मला इथून काढायला पाठवलंय तुला. जमीन खचलेली निघाली नाही, म्हणून आता डपी काढलीस होय?”

“मिस आयसिल्डा, शपथेवर सांगते.”

“माझा नवरा याच पाण्यात गेला. त्याची डपी आली नाही, आणि तुझ्या नळकांड्यात परकी बाई येते? जा पोरी. मासे करपतायत.”

पिनॉक साहेबांपुढे मी चार आकडे ठेवले. त्यांनी बाईबद्दल ऐकून घेतलं नाही. दुर्बीण तपासायला पाठवली. ती काही दोष नाही अशा चिठ्ठीसह परत आली. मग दुसरी दोन माणसं नवीन यंत्र घेऊन गेली. त्यांची सातवी खुंटी दोन्ही वेळा माझ्या पहिल्या फेरीशी जुळली. जमीन उत्तम. घर राहणार.

“बघ,” साहेब म्हणाले. “आता कागदावर सही कर. काम तुझ्या नावावर आहे.”

“मला जे दिसलं ते कुठल्या रकान्यात लिहू?”

“असा रकाना नाही, व्हेरोना.”

दोन दिवस मी सही केली नाही. तिसऱ्या दिवशी केली. न करण्याला माझ्याकडे दाखवण्यासारखं काय होतं? पट्टी वाळून गेली होती.

मास युस्टेसनी काम सोडलं. मुलीकडे डोंगरात राहतात. मी भेटायला गेले की बाकी सगळं बोलतात, हे सोडून.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. भिंत झाली. पोर्ट रॉयलला काही झालेलं नाही. मला खोटं ठरवायला तेवढं पुरतं, मला शांत झोप यायला पुरत नाही.

मागच्या महिन्यात मिस आयसिल्डाकडे गेले होते. दुपारची वेळ, अंगाची लाही होत होती. घरात शिरले तर कोंडल्यासारखं झालं. परसाकडचं दार बंद. नुसतं बंद नाही... चौकटीला वरपासून खालपर्यंत फळ्या ठोकलेल्या. चूल पुढच्या खोलीत आणलेली.

समुद्राच्या वाऱ्यासाठी या गावात लोक दारं उघडी ठेवतात.

“हे कधी केलंत?” मी विचारलं.

ती माशांना मीठ लावत राहिली.

“मिस आयसिल्डा, काय दिसलं तुम्हाला?”

तिने पुढचा मासा ओढला. मग मान वर न करताच म्हणाली, “तुझ्या कागदावर जमीन चांगली आहे ना?”

“हो.”

“मग विचारू नकोस.”

मी खूप विचारलं. हात जोडले. ती सांगायला तयार नाही, आणि घर सोडायलाही. जायला सांगू कुठल्या तोंडाने? त्या कागदावर सही माझी आहे.