काटा चाळीसच्या वर

कस्तुरीने बोटाला भयमापकाचा चिमटा लावला. निनादने, तिच्या नवऱ्याने, टीव्हीवर पस्तीस वर्षांपूर्वीचा एक भयखेळ सुरू केला.

नवे खेळ आधी खेळणाऱ्याची नाडी वाचतात, त्याची भीती शोधतात आणि तीच समोर आणतात. कस्तुरीत त्यांना काही सापडलं नाही. जुना खेळ कोणाचं काहीच वाचत नाही, सगळ्यांना सारखंच घाबरवतो. म्हणून डॉक्टर तांबोळींनी तो सुचवला होता.

"काटा चाळीसच्या वर गेला की ओवीला आणायचं," निनाद म्हणाला. त्यांची तीन वर्षांची ओवी सध्या कागलला आत्याकडे होती.

रिकामं जहाज. अरुंद बोळ. टॉर्च घेतलेला खलाशी.

"हा वळतो कसा रे? ट्रक रिव्हर्स घेतल्यासारखा?"

"जुना आहे गं. चालव."

[दार उघडत आहे. थांबा.]

भटारखाना. खलाशाच्या मागे पातेलं पडलं. निनाद दचकला. काटा: चार.

बिनतोंडाचा खानसामा सुरा घेऊन आला. त्याचा हात भिंतीतून आरपार जात होता. कस्तुरीला गंमत वाटली.

"पळ की!"

"थांब, बघू दे."

खलाशी मेला.

[दार उघडत आहे. थांबा.]

एका अपघातानंतर तिला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकता येईना, म्हणून मेंदूत भयशामक तार बसवली होती. पुढे तार काढली. भीती परतली नाही. गेल्या महिन्यात तिने पतंग दाखवायला ओवीला गच्चीच्या कठड्यावर उभं केलं आणि स्वतः दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत राहिली.

[दार उघडत आहे. थांबा.]

खानसामा. खलाशी मेला.

खानसामा. मेला.

"कळलं मला," ती म्हणाली. "यात हुशारी चालत नाही. आधी घाबरायचं, मग पाय हलतात. बरोबर?"

निनादने टीव्ही बंद केला. "ताईला सांगतो, ओवीचं नाव तिकडच्याच बालवाडीत घाल म्हणून."

कस्तुरी भयमापकाकडे बघत होती.

"आत्ता तू हे बोललास ना, तेव्हाही बघितलं मी."

"मग?"

"तीन."

तो डोळे पुसत बसला. तिला वाईट वाटलं. वाईट तेवढं अजून वाटायचं. तिने चिमटा काढून त्याच्या बोटाला लावला.

"तुझा बघू."

काटा बावीसवर थरथरत होता. त्याला धीर द्यावा म्हणून ती सरकली, अगदी जवळ, आणि त्याच्या मानेवर हात ठेवला.

काटा नव्वदला गेला.

"निनाद," तिने कुतूहलाने विचारलं, "टीव्ही तर बंद आहे. मग तू घाबरतोयस कोणाला?"