चिपनं दिलेला नकार

"इथे ड्रायव्हर मिळतात म्हणे?"

दारात एक उंच माणूस उभा होता, रिमझिम पावसात भिजलेला. कोटाच्या आत लॅपटॉप पोटाशी धरलेला.

संगणकावर कोड लिहीत बसलेल्या तिला हसू फुटलं. "मिळतात... पण गाडीचे नाहीत."

"ठाऊक आहे. खालच्या दुरुस्तीवाल्यानं हात टेकले. म्हणाला, वरच्या बाईंना विचारा."

लॅपटॉपमधली सुरक्षा चिप कुलूपबंद फायलींची किल्ली सांभाळते. तिच्या कंपनीच्या नव्या ऑपरेटिंग सिस्टिमला अशा चिपशी बोलता यावं, म्हणून ही बाई सहा महिने ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम लिहीत होती. याच्या लॅपटॉपात नेमकी तीच चिप होती.

लॅपटॉप त्याच्या धाकट्या भावाचा. भाऊ दोन महिन्यांपूर्वी गेला, आणि पासवर्डही सोबत घेऊन गेला. आत त्यानं गायलेली गाणी होती. आईला तो आवाज एकदा ऐकायचा होता.

"प्रयत्न करते," ती म्हणाली.

लॅपटॉप घेऊन आलेला हा थोरला भाऊ एका कार्यालयात नकाशे काढायचा. रोज कामावरून सुटला की तिच्याकडे यायचा.

"काय म्हणते चिप?"

"रुसलीय. तुम्ही रिकाम्या हातानं येता ना!"

दुसऱ्या दिवशी त्यानं संत्री आणली. तिचे हात कीबोर्डवर, म्हणून एकेक फोड सोलून तिच्या तळहातावर ठेवू लागला... बोटं निसटती लागायची. दोघंही मग उगीचच पडद्याकडे बघायची.

पाचव्या दिवशी दुपारी ड्रायव्हर चालला. चिपनं पहिल्यांदा उत्तर दिलं — पासवर्डशिवाय किल्ली नाही. ड्रायव्हर कितीही चांगला लिहिला, तरी हे उत्तर बदलणार नव्हतं.

संध्याकाळी तो आला. ती म्हणाली, "अजून थोडं काम आहे."

खरं सांगितलं असतं, तर उद्या तो कशाला आला असता?

असे आणखी बारा दिवस गेले. मग एका संध्याकाळी तो म्हणाला, "आई हल्ली दारातच उभी असते. मी दिसलो की आधी माझ्या हातांकडे बघते."

तिनं कीबोर्डवरचे हात काढून घेतले.

"ते उघडणार नाही," ती म्हणाली. "कधीच. मला बारा दिवसांपासून माहीत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही येणं थांबवलं असतं... म्हणून."

त्यानं लॅपटॉप उचलला, कोट घातला. जिन्यावर त्याची पावलं उतरत गेली, मधेच थांबली. बराच वेळ थांबली. मग वर आली.

"फार वाईट वागलात," दारातूनच तो म्हणाला. डोळे लाल होते. "पण आईला हे एकट्यानं सांगायचं बळ नाही माझ्यात... येशील?"

तिनं दिवा मालवला आणि चपला पायात सरकवल्या.