आत गेलेली पावलं

बेटावरच्या खंडोबाचा चांदीचा मुखवटा गेला, हे सकाळी पूजेला बसलेल्या बालाजी गुरवाला कळलं आणि दुपार व्हायच्या आत ट्रस्टच्या अध्यक्षांनी चोरही ठरवून टाकला. फौजदार सोनाली बिराजदारला बोलावलं होतं ते फक्त बेड्या घालायला.

मुरुमहून तलावापर्यंत जीपमध्ये अध्यक्ष रणधीर पाटलाचं तोंड म्हणून बंद झालं नाही. असली माणसं सोनालीनं पोत्यानं पाहिली होती. कडक पांढरे कपडे, कपाळभर भंडारा, बोटाबोटांत अंगठ्या आणि ओठांवर अखंड देव. बेटावर हॉटेल व्हायला हवं, होड्या फिरायला हव्यात, म्हणाला. फक्त गुरवाचं खोपट आडवं येतंय. चोरी सिद्ध झाली की गुरवाची पूजा बंद आणि घर खाली, असं ट्रस्टमध्ये ठरलंसुद्धा होतं. तिला त्याची किळस आली.

काठावर रणधीरच्या पाण्याच्या मोटारीची खोली होती. दाराला भलं मोठं कुलूप. उंबऱ्यावर भंडारा सांडलेला आणि केळीच्या पानावर भरीत-रोडग्याचा उरलेला तुकडा, त्यावर कावळे. हा शहाणा मोटारीलाही नैवेद्य दाखवत असेल, असं मनात म्हणत ती होडीत बसली.

"चंपाषष्ठीला मुखवटा देवळातनं पाण्याकडं न्यायचा मान आमच्या घराण्याचा," रणधीर म्हणाला. "मुखवटा हातात असंस्तोवर आजवर देवळाकडं पाठ केली न्हाय आमी. अन् ह्या गुरवाचं बघा."

"त्यानंतर बेटावर कधी आलात?"

"आजच. सवड कुठं हाय, मॅडम?"

बेट देवाचं, म्हणून चपला सगळ्यांनीच होडीत काढल्या. पाणी ओसरलं होतं आणि काठापासून देवळाच्या पायरीपर्यंत ओला गाळ पसरला होता. त्यात अनवाणी पावलांच्या दोन रांगा होत्या. दोन्हींची बोटं देवळाकडे. परत फिरलेलं एकही पाऊल नाही. हवालदार गुंडप्पानं सकाळीच कडेला दगड मांडून ती वाट अडवली होती.

देवानंच आपला मुखवटा नेला, असं गावातले काही जण हात जोडून सांगत होते. त्यांच्याकडे सोनालीनं पाहिलंसुद्धा नाही.

"दोघं आत गेले, भाईर कुणीच आलं न्हाय," रणधीर म्हणाला. "बेटावर ऱ्हातं कोण? गुरवीण अन् तिचा ल्योक. अजून काय पुरावा पायजे?"

सोनाली गाळाशी उकिडवी बसली. एका रांगेतली पावलं लांब टाकलेली, टाचेवर भार देऊन. दुसरीतली आखूड, बोटं खोल रुतलेली, टाच जेमतेम टेकलेली. दोन्हींत डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती.

बालाजीची आई म्हाळसाबाई ओट्यावर बसली होती. तिच्या नवऱ्याची समाधी अंगणातच होती आणि तिची नजर तिथून हलत नव्हती.

"काल कुठं होतात?" सोनालीनं विचारलं.

"मुरुमच्या बाजारात. म्या अन् बालाजी, दोघंबी. आमची होडी मागल्या खडकाला असती. सांजच्याला आलाव."

"मुखवटा कुलपात नसतो?"

"देवाला कशाचं कुलूप?"

"हात लावायचे काही नेम?"

"नेम मानकऱ्यांला. म्या चिंच लावून घासते त्येला, भांड्यावानी. आमी घरातली. घरातल्यांला कसली पाठ अन् कसलं त्वांड?" तिनं समाधीकडे बोट केलं. "हितनं हाकललं तर ह्यांच्या समाधीला दिवा कोण लावंल, बाई?"

सगळ्यांना घेऊन सोनाली काठावर परतली आणि रणधीरला मोटारीची खोली उघडायला सांगितली. रणधीरनं आधी चावी हरवल्याचं सांगितलं. गुंडप्पानं ती त्याच्या करदोट्यालाच दाखवली.

आत मोटारीशेजारी पाट मांडलेला होता. पाटावर रेशमी कापड, कापडावर मुखवटा, मुखवट्यावर ताजा झेंडू.

"कुणीतरी आणून ठिवला," रणधीर म्हणाला.

"असेल. तुम्ही मानकरी. घ्या आणि जीपपर्यंत आणा."

सगळं गाव बघत होतं. रणधीरनं चपला काढल्या आणि मुखवटा छातीशी धरला. जीप रस्त्यावर, बेटाच्या उलट दिशेला. तलावाकडे तोंड ठेवून, कळसावरची नजर न हलवता, तो एकेक आखूड पाऊल मागे टाकत निघाला. चिखलात त्याची बोटं खोल रुतत होती. जीपला पाठ टेकली तेव्हा तो थांबला आणि लोक त्याच्या पायांकडे का बघतायत ते त्याच्या ध्यानात आलं.

"गाळात दोन माणसं नव्हतीच," सोनाली म्हणाली. "एकच होता. सरळ गेला आणि मुखवटा घेऊन उलटा आला, म्हणून दोन्ही रांगांची बोटं देवळाकडे. गुरव तसा चालत नाही, त्याला तो नेम नाही. नेम तुमच्या घराण्याला. तुम्हीच होडीत सांगितलंत. करंगळी बघा, इथेही तीच. आणि देव चोरून आणला तरी उपाशी ठेवायची तुमची छाती झाली नाही. भरीत-रोडगा खंडोबाचा नैवेद्य, तो मोटार खात नाही, पाटील."

"देव इकायचा नव्हता मला," रणधीर पुटपुटला. "हे खोपटं हाललं की परत बसवणार हुतो."

"म्हणजे देवाला पाठ दाखवायची भीती वाटली आणि विधवा बाईला घराबाहेर काढायची नाही वाटली. चोर परवडला, तो निदान कपाळाला भंडारा फासून येत नाही."

गुंडप्पानं बेड्या बाहेर काढल्या. म्हाळसाबाईनं रणधीरच्या हातून मुखवटा काढून घेतला, पदरानं पुसला, काखेत धरला आणि देवळाकडे सरळ पाठ करून गावासमोर उभी राहिली.

"होडी सोडायला कुणी न्हाय का हितं?" ती म्हणाली. "द्येवाच्या जेवणाची येळ टळली."

बालाजी होडी सोडायला धावला.