न लागलेला ठसका

क्ष-किरणांच्या पडद्यावर डुकराच्या पिल्लाच्या घशातून दुधाची काळी रेघ सरळ अन्ननलिकेत उतरायला हवी होती. ती वळली आणि श्वासनलिकेत गेली. पिल्लू मात्र शांतपणे पीत राहिलं.

“विश्राम, पुन्हा दाखवा,” डॉ. हेमलता आठल्ये म्हणाल्या.

डॉ. विश्राम गावितांनी चित्रफीत मागे नेली. “याचा पाय दुखावलाय, म्हणून आज उचलून बाटलीनं पाजलं, मान वर करून. एरवी सगळी वाकून डोणीतूनच पितात.”

पक्षाघातानं ज्यांचं गिळणं थांबलं, त्यांच्यासाठी दोघांनी ‘गिळणसारथी’ घडवला होता. मानेत बसवायचं तांदळाएवढं यंत्र; पडद्यावरच्या पिल्लाच्या मानेतही तेच होतं. निरोगी पिल्लांच्या मज्जातंतूंतली गिळण्याची लय ते शिकलं होतं आणि तीच माणसाच्या घशाला देत होतं.

“मान खाली असली की दूध श्वासनलिकेला वळसा घालून जातं,” विश्राम म्हणाले. “तिचं झाकण जरा लवकर उघडलं तरी चालतं. सारथी तीच घाई शिकलाय. मान वर असेल तर घोट वाटेतच, आणि दार उघडं.”

“रुग्णांच्या चाचण्यांत कसं दिसलं नाही?”

“त्यांना आपणच हनुवटी खाली करून चमच्यानं पाजलं.”

“ठसका तरी लागायला हवा.”

“मॅडम, ठसक्यानं लय तुटते म्हणून तो दाबायचं आपणच ठरवलं. पिल्लं खोकेनात, तर आपण पेढे वाटले.”

हेमलतांनी फोन लावला. मागच्याच आठवड्यात त्यांच्या आईला, माईंना, सारथी बसवला होता. लय डुकराची आहे हे कळल्यावर माई एवढंच म्हणाल्या होत्या, “वराहही देवाचाच अवतार.” अंघोळ, तुळशीला पाणी, जप, मगच पाण्याचा घोट, हा त्यांचा जन्माचा नेम. तेही तांब्या ओठांना न लावता, मान मागे टाकून, वरून. आजारपणात उष्ट्या चमच्यानं त्या कष्टी झाल्या होत्या. कालच हेमलतांनी सांगितलं होतं, आता चमचा नको, हवं तसं पी.

फोन बराच वेळ वाजला.

“बोल गं.”

“माई, पाणी प्यायलीस?”

“आत्ताच. जप झाला नि तांब्याभर प्यायले, वरून, पूर्वीसारखं. कालही दिवसभर तसंच. किती महिन्यांनी घसा निवला. आणि एकदाही ठसका नाही हो.”

आवाज ओला होता. प्रत्येक शब्दामागे बारीक बुडबुडा फुटत होता.

“मान खाली घाल, माई. आता काही पिऊ नकोस. मी येतेय.”

“जरा धाप लागतेय, एवढंच,” माई हळूच म्हणाल्या. “घाबरू नकोस. देवानं ऐकलं बघ.”