साल फेकू नका

"ओ, साल फेकू नका!"

मुबीनचा हात बादलीवरच थांबला. परळी स्टेशनाबाहेर त्याची रसाची गाडी. तिथं डाळिंबाचा रस मागणारे पुष्कळ, पण साल मागणारी ही पहिलीच. ओढणी डोक्यावरून घसरली होती आणि ती सावरायचंही तिला भान नव्हतं.

"शेळीला पायजे का?"

"चेहऱ्याला," ती म्हणाली आणि हसली... झालं! पुढच्या गिऱ्हाइकाच्या रसात साखर घालायची राहूनच गेली.

ती उज्मा. बी.फार्म. होऊन गावी परतलेली, घराच्या मागच्या खोलीत क्रीम बनवणारी. ऊन-धुरानं कातडी कोमेजते. ते रोखणारी अँटिऑक्सिडंट म्हणे डाळिंबाच्या सालीत ठासून भरलेली. मुबीनला त्यातलं निम्मंच कळलं. पण आपण जन्मभर उकिरड्यावर टाकलेल्या वस्तूबद्दल कुणी इतक्या मायेनं बोलतं, याचं त्याला भारीच अप्रूप वाटलं.

मग तो साली धुऊन, वीज केंद्राची राख बसू नये म्हणून मलमलीखाली वाळवून ठेवू लागला. ती न्यायला यायची. बोलणं लांबायचं.

"संभाजीनगरच्या दुकानदारानं नमुना मागितलाय," एकदा ती म्हणाली. "पसंत पडला तर इथंच कारखाना टाकीन. नाही पडला तर... पुण्याला नोकरी. अब्बांना तसा शब्द दिलाय."

पुणे! आता नमुना पसंत पडायलाच हवा होता. तिला मदत म्हणून या खेपेला त्यानं साली ओलसर असतानाच घरच्या लोखंडी खलात मऊ कुटल्या, मग वाळवल्या.

ती भुकटी तिनं नेली आणि दुसऱ्या दिवशी क्रीमची डबी घेऊन आली. चेहरा पार उतरलेला.

"बघा ना... साजूक तुपासारखं व्हायचं, ते काळंनिळं झालं. माझंच कुठंतरी चुकलं. उद्या नमुना न्यायचाय आणि हे..."

मुबीन घरी आला, तर त्याची अम्मी इमामबी शेजारच्या लग्नाची मेंदी भिजवत बसलेली. गल्लीतल्या प्रत्येक नवरीची मेंदी तीच भिजवायची.

"लोखंडाची कढई कावून, अम्मी?"

"लोखंडानं रंग काळा चढतो, बेटा."

म्हणजे आपल्या खलानंच घात केला! गप्प राहिलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. पण ती स्वतःला बोल लावत बसली असेल, हे त्याला सोसवेना. तो तसाच तिच्या दारात जाऊन उभा राहिला.

"चूक तुमची न्हाई. मी साल लोखंडी खलात कुटलती. अम्मीच्या मेंदीच्या लोखंडी कढईवरून आत्ता कळलं."

"लोखंडी खलात? पण कुटली कावून?"

"तुमी पुण्याला जाऊ नये म्हणून..."

उज्मानं डबी पुन्हा उघडून बघितली. मग कपाळावर हात मारून म्हणाली, "सालीतलं ते तुरट टॅनिन आणि लोखंड! अहो, याची तर शाई होते!" आणि ओल्या डोळ्यांनीच खळखळून हसली. "घरात पाटा हाय ना?"

"हाय की!"

त्यानं उरलेल्या साली घरी पाट्यावर वाटून आणल्या. मागच्या खोलीत उज्मा त्या उकळत होती, गाळत होती, थेंबाथेंबानं तेल सोडत घोटत होती. काय ते हात! घाई म्हणून नाही. मुबीनला वाटलं, हिनं आयुष्यभर असंच घोटत राहावं आणि आपण बघत राहावं. अखेर क्रीम साजूक तुपासारखं उतरलं. त्यातलं बोटभर तिनं त्याच्या मनगटावर चोळलं, आणि मुबीननं त्या रात्री तो हात धुतलाच नाही.

संभाजीनगरहून परतली ती थेट गाडीवरच आली.

"पसंत पडलं! आता साली रोज लागतील."

"देईन की. पण..." त्यानं सुरी खाली ठेवली. "मला तुमी लई आवडता."

उज्मानं या वेळी मात्र ओढणी नीट डोक्यावर घेतली.

"तुमच्या अम्मीला सांगा... ती कढई घासून ठेवा म्हणावं."

"कढई? ती कशाला?"

"क्रीमला लोखंड चालत न्हाई," ती हळूच म्हणाली, "मेंदीला लागतंच की."