खंड्याच्या मापाचा माणूस

"जरा तिथंच उभे राहा... हलू नका."

वाचनालयाच्या कुलपात किल्ली घालता घालता ऋषिराज थबकला. बाजूच्या कोऱ्या भिंतीजवळ, हातात कोळसा घेतलेली एक लांब वेणीची मुलगी एक डोळा मिटून त्याच्याकडे पाहत होती. ही साताऱ्याची शिवांजली. आष्ट्याच्या या भिंतीवर ती भलामोठा खंड्या पक्षी रंगवणार होती.

त्यानंतर तो रोज कुलूप जरा सावकाश उघडू लागला. झाडलोट करणाऱ्या बनुबाई म्हणाल्या, "आवं सर, भित अजून कोरीच हाय, तुमीच रंगला की."

एकदा शिवांजलीने कच्ची चित्रं दाखवली. फांदीवर बसलेला खंड्या, पाण्यात सूर मारणारा, चोचीत मासा धरलेला... आणि प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात काखेत पुस्तक घेतलेला एक चष्मेवाला. ऋषिराजचे कान तापले.

"हा... कोण?"

"माप. शेजारी माणूस असला की पक्षी केवढा ते कळतं. शिराळ्याला चहावाला उभा केला होता."

म्हणजे आज आपण, काल चहावाला. तो हिरमुसला. पण मापाला शर्टाचं तुटकं बटण कशाला लागतं? ते तर तिने नेमकं टिपलं होतं. की चहावाल्याचंही टिपलं असेल? इतकी पुस्तकं वाचलेल्या माणसाला एवढं कळेना.

हळूहळू भिंतीवरचा खंड्या निळा झाला. पायथ्याशी मापाला काढलेला कोळशाचा माणूस तेवढा उरला. निघायच्या दिवशी तिने ऋषिराजच्या हाती ओलं फडकं दिलं.

"याला तुम्हीच पुसा. मला सांगलीची गाडी गाठायचीय, पुढची भिंत तिथं आहे."

ती नळावर ब्रश धुवायला गेली. त्याला पुसवेना. खाली कोळशाचा तुकडा पडला होता...

ती परतली, तेव्हा भिंतीवरच्या माणसाशेजारी एक वेडीवाकडी वेणीवाली उभी होती. अगदी त्याच्याच उंचीची.

शिवांजलीने एक डोळा मिटून पाहिलं.

"माप चुकलं. मी तुमच्या खांद्याला लागते."

"माप... घेतलंच कुठं होतं?" तो भिंतीलाच म्हणाला. मग धीर करून, "चहावाल्याचंही बटण टिपलं होतं तुम्ही?"

"त्याच्याकडे कोण बघत होतं?"

ती त्याच्याजवळ येऊन उभी राहिली. तिचं डोकं खरंच त्याच्या खांद्याशी आलं.

"घ्या आता माप," ती हळूच म्हणाली. "सांगलीला गाड्या पुष्कळ आहेत."