तिसऱ्या सिलिंडरचे रविवार

"पाय पूर्ण दाबा. अर्धवट नको," बॉनेटच्या पलीकडून आवाज आला.

लाल रंगाच्या, छत उघडणाऱ्या, दोनच सीटच्या त्या गाडीत मी बसले होते आणि ज्याचा चेहराही धड दिसत नव्हता असा माणूस मला हुकूम सोडत होता. ओळख होऊन दहा मिनिटं झाली असतील. मी अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकवला, किल्ली फिरवली. इंजिन चालू न होता नुसतंच धापा टाकत फिरलं.

"बास. एकशे सत्तर. लिहून घ्या."

"मी?"

बॉनेटच्या कडेवरून तेलानं काळे झालेले दोन हात वर आले आणि त्यांच्यामागून एक हसरा चेहरा. "या हातांनी लिहिलं तर तुम्हाला वाचता येणार नाही…"

मी पर्समधली ऑफिसची डायरी काढली आणि लिहिलं. एकशे सत्तर.

हे दोन हजार पाच सालचं. मी पुण्यात येऊन पाच वर्षं झाली होती. वर्ध्याहून आले तेव्हा वारज्याच्या त्या फ्लॅटमध्ये आम्ही चौघी होतो. एकीचं लग्न झालं, एक बंगळूरला गेली, तिसरीनं अमेरिकेतला मुलगा पसंत केला. मी राहिले. दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या, ही माझी नोकरी. सोमवार ते शनिवार त्यात जात. रविवारी मात्र दहापर्यंत कपडे धुऊन व्हायचे, अकरापर्यंत आईचा फोन, आणि त्यानंतर संध्याकाळ व्हायची वाट बघायची.

कर्वेनगरातल्या बद्रीनाथकाकांच्या मुलानं हौसेनं ही गाडी घेतली होती. तो परदेशी गेला आणि गाडी दीड वर्ष कापडाखाली पडून राहिली. पेपरातली जाहिरात वाचून मी गेले तेव्हा काकांनी आधी मला, मग माझ्या स्कूटीला न्याहाळलं. "गाडी घ्यायला आलात की बघायला? बघायचीच असेल तर हे कापड पुन्हा नीट घालून ठेवा." मी घ्यायला आले आहे म्हटल्यावर मात्र इंजिन तपासून घ्यायला त्यांची ना नव्हती. वारज्याच्या हायवेलगत एक गॅरेज आहे, तिथला महिपती आधी चिंचवडच्या एका कारखान्यात इंजिनं तपासायचा, असं ऑफिसात कोणीतरी सांगितलं होतं. पुढच्या रविवारी सकाळी काकांनी गाडी तिथं आणून सोडली आणि ते पेपर आणायला निघून गेले.

महिपतीकडे मदतीला कोणी नव्हतं. म्हणून मी सीटवर होते.

चारही सिलिंडरचे आकडे झाल्यावर त्यानं हात पुसले आणि डायरीत डोकावला. एकशे सत्तर, एकशे पासष्ट, एकशे वीस, एकशे अडुसष्ट. पिस्टन वर येतो तेव्हा आत हवा किती दाबली जाते, ते हे आकडे सांगतात, तो म्हणाला. आकडा मोठा की लहान, ते नंतर बघायचं. आधी बघायचं, चौघांत आपापसात फरक किती.

"म्हणजे तिसरा खराब आहे."

"मी खराब म्हटलं नाही. कमी भरतोय. का, ते अजून माहीत नाही." मग माझ्याकडे न बघता त्यानं विचारलं, "एक विचारू? एकटीला दोन सीटची गाडी कशाला?"

हा प्रश्न आईनंही विचारला नव्हता. ती नुसती रडली होती.

"चार सीटच्या गाडीत तीन रिकाम्या दिसतात," मी म्हणाले. "हिच्यात एकच."

तो हसला नाही. रुमालानं पाने पुसत म्हणाला, "पुढच्या रविवारी तेल घालून बघू."

दुसऱ्या रविवारी मी धुतलेले केस मोकळे सोडून गेले, आणि तसं का केलं हे स्वतःला विचारायचं टाळलं. महिपतीनं तिसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडलं. पुन्हा मी पाय दाबला, पुन्हा किल्ली. आकडा एकशे पंचावन्नवर गेला. त्याचा चेहरा उजळला. तेलानं आकडा चढला म्हणजे व्हॉल्व्ह ठीक आहेत, गळती पिस्टनच्या रिंगांतून आहे. आणि गाडी इतके दिवस उभी होती, तेव्हा रिंगा झिजल्या नसून नुसत्या चिकटल्याही असतील. "बसून राहिलं की असं होतं," तो म्हणाला. "चालवली की सुटतात कधीकधी."

बद्रीनाथकाकांना त्यानं आठवडाभर रोज गाडी फिरवायला सांगितलं. काका म्हणाले, "म्हणजे विकायची मी आणि तालीमही मीच करायची." पण त्यांनी फिरवली.

तिसऱ्या रविवारी तेल न घालताच एकशे अठ्ठेचाळीस आला. मी डायरीत आकडा लिहिला आणि त्याखाली उगाचच दोन रेघा ओढल्या. त्या दिवशी आम्ही शेजारच्या गेनबाच्या टपरीवर चहा घेतला. महिपतीची आई मागच्या वर्षी गेली होती. गॅरेजमागच्या खोलीत तो एकटाच राहत होता. कारखान्यातला विभाग बंद पडला तेव्हा सगळे मित्र चाकणला गेले, आईच्या आजारपणामुळे हा मागे राहिला. हे त्यानं गाडीचा इतिहास सांगावा तसं सांगितलं, आवाज न बदलता. मी ऐकत होते. बोलता बोलता मी आमच्या वर्ध्याकडचं "करून राहिले" असं म्हणून गेले आणि त्याचा चहाचा ग्लास ओठांशीच थांबला.

"काय झालं?"

"काही नाही… चांगलं वाटलं ऐकायला."

जाताना तो म्हणाला, आता शेवटची चाचणी, सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून सुटते ते कान लावून ऐकायचं. पुढच्या रविवारी.

चौथ्या रविवारी साडेदहा वाजले तरी गाडी आली नाही. मी काकांना फोन लावला.

"गाडी काल गेली," ते म्हणाले. "एक मुलगा आला, बॉनेट न उघडता घेऊन गेला. तुमची परीक्षा संपेना, बाई. आम्ही निकालासाठी थांबायचं तरी किती?"

मी फोन ठेवला आणि महिपतीला सांगितलं. मला वाटलं तो काकांना दोष देईल. तो स्टुलावर बसला आणि त्यानं हातातला पाना खाली ठेवला.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "तिन्ही चाचण्या एका सकाळी होतात. तासाभरात."

मला आधी कळलंच नाही.

"आठवडाभर गाडी चालवायला सांगितलं, ते खरं होतं. ते पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं. तुम्ही दुसऱ्या रविवारी गाडी घेऊन गेला असता."

"मग बाकीचे रविवार?"

"ते माझे होते," तो म्हणाला. "तुम्ही मी बोललेलं लिहून घेत होतात… असं माझं कोणी ऐकलं नाही बऱ्याच दिवसांत."

मी स्कूटी सुरू केली आणि निघाले. घरी येऊन डायरीतली ती पानं फाडली. राग गाडीचा होता, असं मी स्वतःला सांगितलं. पण दिवसभर चुका शोधणाऱ्या मला समोरची चूक दिसली नव्हती, आणि दिसली असती तरी मी ती नोंदवली असती का, याची खात्री नव्हती. याचा राग जास्त होता.

पुढचे तीन रविवार पूर्वीसारखेच गेले. म्हणजे, मी तसे घालवायचा प्रयत्न केला. एकदा मंडईत गेले, भाजी घेतली आणि ती चार दिवसांनी टाकून दिली. एकदा सिनेमाचं तिकीट काढून मध्यंतरात बाहेर आले. पूर्वी रविवारी मला कोणाची आठवण येत नसे. नुसतं रिकामं वाटे. आता त्या रिकामेपणाला चेहरा होता, आणि ते जास्त अवघड होतं. आपला एक तास कोणाला इतका हवासा वाटावा की त्यासाठी त्यानं खोटं बोलावं… हे मला आवडलं होतं. आणि त्यानं खोटं बोलावं, हे आवडलं नव्हतं. दोन्ही खरं होतं.

चौथ्या रविवारी मी गेले. तो एका जुन्या रिक्षाखाली होता. माझ्या चपला ओळखून बाहेर आला असावा, कारण मी काही बोललेच नव्हते.

"सरळ विचारायचं होतं," मी म्हणाले.

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"कदाचित. पण निदान गाडी तरी मिळाली असती."

त्याच्या ओठांवर हसू येता येता थांबलं. त्यानं माफी मागितली, एकदाच, नीट, माझ्याकडे बघून. चार माणसांना विचारून शोधून देईन म्हणाला, तसली गाडी पुन्हा येईल कुठे ना कुठे. मी म्हटलं, गाडीचं राहू दे.

"मग?"

"आता विचारा. सरळ."

हायवेवरून दोन ट्रक गेले. तो उभा राहिला, शर्टाची बटणं चाचपली, पुन्हा हात मागे घेतले.

"पुढच्या रविवारी याल?" त्यानं विचारलं. "काम काही नाही. तपासायचंही काही नाही. नुसतं… याल का, राजनंदिनी?"

माझं नाव त्यानं पहिल्यांदाच घेतलं होतं. इतके दिवस मी मॅडम होते.

"पुढच्या कशाला?" मी म्हणाले. "आज रविवारच आहे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग सकाळी अकरा वाजता गॅरेजचं शटर अर्धं खाली ओढलं आणि हात धुवायला मागे गेला. साबण लावून, धुऊन, पुन्हा साबण लावून त्यानं इतका वेळ लावला, की मी आत जाऊन त्याच्या हातावर तांब्यानं पाणी घातलं.